मधला एक दिवस आणि दोन देशांचे नकाशे

दहावीच्या उंबरठ्यावर : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण इतिहास-राज्यशास्त्राची उजळणी पाहिली. आज सामाजिक शास्त्रांचा दुसरा पेपर, भूगोल. अलीकडच्या वर्षांत बोर्डाच्या वेळापत्रकात हा पेपर बहुतेकदा अगदी शेवटी येतो. इतिहासाचा पेपर देऊन मूल घरी येतं तेव्हा भाषा, गणित, विज्ञान सगळं होऊन गेलेलं असतं. अंगातला जोर संपत आलेला असतो आणि भूगोलासाठी हातात उरतो एखादा मोकळा दिवस. वर्षभर शाळेतही या विषयाच्या वाट्याला उरलेसुरले तासच आलेले असतात.

ज्या घरात ॲटलास नाही, गाईड नाही, क्लासच्या नोट्स नाहीत आणि पाठ्यपुस्तकही मोठ्या बहिणीचं, पानं सुटलेलं आहे, त्या घरातल्या मुलामुलींसाठी आजचा लेख आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोडीला गेलेले आईवडील बहुधा अजून फडावरच असतात. घरी आजी, धाकटी भावंडं, पाणी आणि चूल. हे सगळं सांभाळून परीक्षा देणाऱ्या मुलीला ‘दोन महिने आधीपासून वेळापत्रक आखा’ असं सांगून काय उपयोग? तिला त्या एका दिवसाचं काय करायचं ते सांगायला हवं.

आधी पेपरकडे पाहू. ४० गुण, दोन तास. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवल्या तर नकाशात घटक भरायला ४ गुण, दिलेला नकाशा वाचून उत्तरं लिहायला ४ आणि आलेखाला ६ गुण दिसतात. म्हणजे ४० पैकी १४ गुण असे आहेत की ज्यांना पानंच्या पानं पाठ करावी लागत नाहीत. तरीही मुलं मोकळा दिवस घालवतात तो सविस्तर उत्तरं घोकण्यात, आणि त्या प्रश्नाला आहेत ८ गुण. नकाशा ‘आयत्या वेळी बघू’ म्हणून राहतो. मला हा क्रम उलटा करावासा वाटतो. दिवसाची सुरुवात नकाशानं करा, आणि धडेसुद्धा नकाशावरूनच वाचा.

दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करत जातं. स्थान-विस्तार, प्राकृतिक रचना, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्ती, व्यवसाय, पर्यटन-वाहतूक असा तो क्रम आहे. हे सगळे धडे एकाच कागदावर मावतात, हे एकदा ध्यानात आलं की अर्धी धास्ती जाते. त्यासाठी दोन्ही देशांचे कोरे आराखडे हवेत. विकतचे नकाशे नसले तरी अडत नाही. पुस्तकातलं नकाशाचं पान उन्हाच्या बाजूच्या खिडकीच्या काचेवर धरून वर पातळ कागद ठेवला की सीमारेषा स्वच्छ दिसते. काच नसेल तर कागदावर गोडेतेलाचं बोट फिरवून तो रद्दीत दाबून कोरडा करा. कागद पारदर्शक होतो आणि पुस्तकाला डाग पडत नाही. पुस्तकच फाटलेलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. घरी एकच फोन असेल तर नकाशांची आणि आलेखांची तेवढी पानं उतरवून घ्या, डेटा कमी लागतो. परीक्षेत नकाशाचा स्टेन्सिल वापरता येतो, पण स्टेन्सिल फक्त बाहेरची रेषा देतो, आतलं सगळं आपल्यालाच भरायचं असतं.

भरताना शहरांपासून सुरुवात करू नका. आधी रेघा काढा. भारताच्या मधून कर्कवृत्त जातं. ब्राझीलच्या उत्तर भागातून विषुववृत्त आणि दक्षिण भागातून मकरवृत्त जातं. मग डोंगर आणि नद्या, आणि शहरं सगळ्यात शेवटी. शहर जिथं असतं तिथं असण्याला बहुधा कारण असतं, आणि खालची रेघ आधी काढलेली असेल तर ते आपोआप जागेवर बसतं. साओ पावलो मकरवृत्ताला अगदी लागून आहे. रिओ दि जनेरिओ तिथून थोडं ईशान्येला, किनाऱ्यावर. मॅनॉस आत जंगलात आहे, निग्रो नदीवर, ती ॲमेझॉनच्या मुख्य प्रवाहाला मिळते त्या संगमाजवळ. मराजो बेट ॲमेझॉनच्या मुखाशी, पँटानलची दलदल पश्चिम सीमेला. एकदा पुस्तक उघडं ठेवून भरा. मग पुस्तक मिटून दुसऱ्या आराखड्यावर भरा आणि ताडून पाहा. जे चुकलं तेवढंच वेगळ्या रंगानं लिहा. संध्याकाळी फक्त त्या रंगाकडे बघायचं. आणि सूची विसरू नका. सूची प्रश्नातच मागितलेली असते, तरी कितीतरी मुलं चिन्ह काढून थांबतात आणि हातातला गुण घालवतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नाची मुलांना भीती वाटते, कारण दर धड्यातली कारणं सुटी सुटी पाठ करायला गेलं की ती एकमेकांत मिसळतात. खरं तर त्यांच्यात एकच साखळी आहे. ती एका जागी उभं राहून पाहू.

सातारा जिल्ह्यातल्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर माण तालुक्यात दहिवडीला त्याचा दहावा हिस्सा पडला तरी लोक समाधान मानतात. समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस पाडतात. डोंगर ओलांडून खाली उतरतात तेव्हा त्यांच्यात बाष्प थोडंच उरलेलं असतं. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. माणच्या मुलानं हे टँकरच्या रांगेत उभं राहून पाहिलेलं असतं.

आता ब्राझीलचा नकाशा घ्या. पूर्व किनाऱ्यालगत उच्चभूमीचा अजस्र कडा उभा आहे. अटलांटिकवरून पूर्वेकडून येणारे बाष्पयुक्त वारे त्याला अडतात. किनाऱ्यावर पाऊस पडतो आणि कड्यापलीकडे ईशान्येच्या अंतर्भागात तो कमी होतो. त्या भागाला पुस्तक ‘अवर्षण चतुष्कोन’ म्हणतं. हा झाला प्राकृतिक रचनेचा आणि हवामानाचा धडा. पाऊस कमी म्हणून तिथं काटेरी झुडपं वाढतात. हा वनस्पतींचा धडा. पाणी कमी, शेती बेभरवशाची, म्हणून माणसं थोडी. हा लोकसंख्येचा. माणसं थोडी आणि पाणी जिथं सापडेल तिथं, म्हणून वस्ती विखुरलेली. हा मानवी वस्तीचा. किनाऱ्यावर मात्र पाऊस, सखल जमीन, बंदरं आणि उद्योग, म्हणून दाट लोकसंख्या आणि मोठी शहरं. एका कड्यापासून निघालो आणि पाच धडे पार झाले.

पेपरात ‘ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी पडतो’ याचं कारण विचारलं तर उत्तर एवढंच हवं : ‘ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत अजस्र कडा आहे. अटलांटिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे या कड्याला अडतात व किनारी भागात पाऊस पडतो. कडा ओलांडून पुढे जाताना वाऱ्यांतील बाष्प कमी होते, त्यामुळे ईशान्येचा अंतर्भाग पर्जन्यछायेत येतो व तेथे पाऊस कमी पडतो.’ तीन गुणांचा प्रश्न, तीन वाक्यं. ‘ब्राझील हा निसर्गसंपन्न देश आहे’ अशी सुरुवात केली तर वेळ जातो, गुण मिळत नाही.

ॲमेझॉनच्या खोऱ्यासाठीही अशीच साखळी स्वतः बांधा. विषुववृत्त, वर्षभर उष्णता, वर चढणारी दमट हवा, वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस, दाट सदाहरित वनं. म्हणून रस्ते कमी, जलमार्गच सोयीचे, लोकसंख्या विरळ, वस्ती नदीकाठानं. ही मी थोडक्यात सांगितली, कारण वाक्यं तुम्हीच जोडायला हवीत. जोडताना कुठं अडलात ते कळलं की पुस्तकाचं नेमकं कुठलं पान उघडायचं तेही कळतं.

आकड्यांचं ओझंही असंच हलकं करता येतं. भारताचं क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, ब्राझीलचं सुमारे ८५ लाख, म्हणजे अडीचपटीहून जास्त. भारताची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२१ कोटी, ब्राझीलची २०१० मध्ये सुमारे १९ कोटी, म्हणजे आपल्या सहाव्या हिश्शाच्या आसपास. मग घनता आपल्याकडे दर चौरस किलोमीटरला ३८२ असताना तिथं २३ च्या जवळपास का, ते वेगळं पाठ करायला नको. वेळेचंही तसंच. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरची, ब्राझीलची अधिकृत वेळ ४५° पश्चिमेची. दोन्हींत अंतर १२७°३०′. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणून ५१० मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. भारत पूर्वेला, म्हणून भारत पुढं. इथं दुपारचे बारा वाजतात तेव्हा ब्रासीलियात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. ‘पुढं की मागं’ यात घोटाळा होत असेल तर सूर्य आधी कुणाकडे उगवतो एवढं मनात आणा.

आता आलेखाचे सहा गुण. एक आलेख नीट काढला की बाकीचे जमतात, म्हणून हा काढाच. भारतातल्या नागरी लोकसंख्येची टक्केवारी : १९६१ – १८.०, १९७१ – १९.९, १९८१ – २३.३, १९९१ – २५.७, २००१ – २७.८, २०११ – ३१.२. आलेख कागद नसेल तर धाकट्याची गणिताची चौकटीची वही घ्या. आधी सर्वांत मोठा आकडा शोधा, इथं तो ३१.२ आहे. उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ५ टक्के घेतले तर आलेख साडेसहा सेंटिमीटरच्या आत बसतो. हेच प्रमाण १ सेंटिमीटरला १ टक्का घेणारं मूल ३१ सेंटिमीटर उंच जाऊ पाहतं, कागद संपतो आणि पुन्हा खोडाखोड सुरू होते. स्तंभालेख असेल तर सगळ्या स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं. वर शीर्षक, दोन्ही अक्षांना नावं, कोपऱ्यात प्रमाण. नुसते स्तंभ काढून यातलं काही राहिलं तर तिथंच गुण जातात.

आणि मग आलेखाकडे बघा, कारण खालच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच असतात. पहिल्या दशकात टक्केवारी जेमतेम १.९ नं वाढली. १९७१ ते १९८१ आणि २००१ ते २०११ या दोन दशकांत चढ सर्वांत मोठा, सुमारे ३.४ चा. मधल्या वीस वर्षांत चढ पुन्हा मंदावला आहे. ब्राझीलमध्ये २०१० साली हीच टक्केवारी ८४ च्या आसपास होती. ‘ब्राझीलमध्ये नागरीकरण जास्त का’ हा प्रश्न आला तर वरची किनाऱ्याची साखळी आठवा. किनारी भागातली ही गर्दी कमी करून अंतर्भागात वस्ती वाढावी असा सरकारचा प्रयत्न राहिला. १९६० मध्ये राजधानी रिओहून आत ब्रासीलियाला हलवली ती त्यातूनच.

योग्य पर्याय, जोड्या, एका वाक्यात उत्तरं यांसाठी स्वतंत्र वेळ काढू नका. प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय संध्याकाळी एकदा नजरेखालून घाला. नकाशा मनात बसलेला असेल तर निम्मी उत्तरं ओळखीची वाटतात. ‘क्षेत्रभेट’ हा धडा तर सहलीला गेलेल्या कुणालाही लिहिता येतो. सोबत काय न्याल, कुणाला कोणते प्रश्न विचाराल, परिसर अस्वच्छ होऊ नये म्हणून काय कराल. धरण असो की साखर कारखाना, जे पाहिलंय त्यावर लिहा.

उजळणी घेणारं घरी कुणी नाही, अशी खंत मुलं बोलून दाखवतात. लिहिता-वाचता न येणारी आजीही ती घेऊ शकते. जेवणं झाली की नकाशा तिच्यासमोर पसरा. ती कुठंही बोट ठेवेल, तिथं काय आहे आणि ते तसं का आहे, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगा. ती ‘का गं?’ म्हणून पुन्हा विचारेल. तिथं उत्तर अडखळलं तर तो दुवा अजून कच्चा आहे, एवढं समजायचं आणि झोपण्यापूर्वी तेवढंच पान वाचायचं. वीज गेली तरी हे करता येतं.

दप्तर रात्रीच भरा. टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी, तीन-चार रंगीत पेन्सिली, असल्यास स्टेन्सिल. नकाशाच्या आराखड्यावर आणि आलेख कागदावर बैठक क्रमांक घालून ते उत्तरपत्रिकेला बांधलेत का, हे उठण्यापूर्वी बघायचं आहे.

पुढच्या लेखांकात प्रत्यक्ष पेपरचे दोन तास : कोणता प्रश्न आधी हाती घ्यायचा, नकाशाला किती मिनिटं द्यायची आणि सविस्तर उत्तरांपैकी कोणती निवडायची.