मांजराच्या पोटातील केसांचा गोळा : नेहमीचे काय, धोक्याचे काय?

मांजर मान पुढे ताणते, पोट आकसून दोन-चार उबळी काढते आणि जमिनीवर ओल्या केसांचा पुंजका पडतो. मांजर पाळणाऱ्या घरांना हे परिचित आहे. अधूनमधून असे घडणे स्वाभाविक असते. मात्र प्रत्येक उबळ केसांमुळेच आली असे गृहीत धरून स्वस्थ बसणे मांजराच्या जिवावर बेतू शकते.

मांजर जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले सूक्ष्म काटे असतात. सैल झालेले केस त्यांत अडकतात आणि काट्यांच्या वळणामुळे ते थुंकता न येता गिळले जातात. केस ज्या केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात, ते पचत नाही. बहुतेक केस विष्ठेवाटे निघून जातात. उरलेले जठरात गुंतून साचतात व उलटीवाटे बाहेर पडतात. अन्ननलिकेच्या अरुंद मार्गातून येताना दाबला गेल्याने हा ‘गोळा’ बहुधा सुरळीसारखा लांबट दिसतो.

पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांत हा त्रास अधिक आढळतो. आखूड केसांच्या मांजराला तो वारंवार होऊ लागला, तर कारण अन्यत्र शोधावे. पिसवा, त्वचेची ॲलर्जी किंवा मानसिक ताण यांमुळे मांजर प्रमाणाबाहेर अंग चाटते. गोव्याची दमट हवा पिसवांना पोषक असते, हे विसरू नये. आतड्यांची हालचाल मंदावली किंवा त्यांना सूज आली, तरीही केस पुढे न सरकता साचतात.

सर्वांत प्रभावी उपाय साधाच आहे. जो केस कंगव्यात अडकला, तो पोटात जात नाही. लांब केसांच्या मांजराचे केस रोज, तर आखूड केसांच्या मांजराचे आठवड्यातून एक-दोनदा विंचरावेत. नंतर ओलसर फडका अंगावरून फिरवल्यास सुटे केस निघतात. घरात दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवावे आणि आहारात ओल्या खाद्याचा समावेश करावा. पिसवांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे; कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत असणारे परमेथ्रिन मांजराला प्राणघातक ठरते. केस सरकावेत म्हणून मांजराच्या तोंडात बळेच तेल ओतू नये. ते श्वासनलिकेत गेल्यास फुफ्फुसांचा गंभीर दाह होतो. केसांच्या गोळ्यासाठी मिळणारी पेस्टही पशुवैद्याला विचारूनच द्यावी.

काही लक्षणे मात्र वाट पाहू देत नाहीत. वारंवार उबळ येऊनही काहीच न पडणे, दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, सतत उलट्या, शौचास न होणे, पोट फुगणे किंवा मरगळ यांपैकी काही दिसल्यास आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी शस्त्रक्रियाही करावी लागते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढू नये; आत ताणलेला दोरा आतडे कापू शकतो.

आणखी एक गल्लत नेहमी होते. दमा असलेले मांजर जमिनीलगत दबकून, मान लांबवून खोकते आणि घरच्यांना केस अडकल्याचे वाटते. असा प्रकार पुन्हा पुन्हा होत असेल, तर मोबाइलवर त्याचे चित्रण करून पशुवैद्याला दाखवावे. दवाखान्यात मांजर नेमके त्याच वेळी खोकेल याची शाश्वती नसते. चित्रणावरून मात्र तो खोकला की ओकारी, हे ओळखणे डॉक्टरांना पुष्कळ सोपे जाते.