तलाव सुधारायचा, तर काठापासून

भाऊबीज होते न होते तोच झाडीपट्टीत मंडईचे दिवस लागतात. गावोगाव पाहुणे, रात्रभर दंडार आणि दिवसा बांधीत हलक्या धानाची कापणी. भारी धान मात्र अजून उभा असतो आणि त्याला शेवटचे एक पाणी हवे असते. पाऊस लवकर परतला असेल, तर ते पाणी तलावातूनच यायचे. मग तुडुम, म्हणजे पाणी सोडायचे दार, उघडायचा का, किती उघडायचा, आधी कोणाच्या बांधीला, याची चर्चा पाळीवर उभ्या उभ्या होते. शेतकऱ्याची नजर पाटाकडे असते, तर ढिवराची, म्हणजे इथल्या मासेमाराची, मागे उरणाऱ्या पाण्याकडे, कारण त्याच्या मासळीला उन्हाळा त्याच पाण्यात काढायचा असतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या तलावाबद्दल बोलायचे तर या दोन नजरांपासून सुरुवात करावी. अलीकडे तिसरी नजरही आली आहे, सुशोभीकरणाची. पाळीवर फरसबंदी, रंगवलेली बाके, दिव्यांचे खांब आणि मध्ये एखादे कारंजे. निधी आणण्याची हौस असलेल्या प्रत्येक गावाला असा तलाव हवा असतो. गावकऱ्यांना संध्याकाळी बसायला जागा हवी, पोरांना खेळायला हवे, हे मान्यच. पण या अंदाजपत्रकांत तलाव म्हणजे पाण्याने भरलेला खड्डा आणि काठ म्हणजे त्याची चौकट, असे गृहीत धरलेले असते. इथला तलाव तसा नाही, कधी नव्हताही.

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला. दोन्ही मिळून हा तलावांचा मुलूख. पाऊस बाराशे-तेराशे मिलिमीटरच्या घरात, पण तो चार महिन्यांत पडून जातो, आणि मधेच पंधरा दिवस दडी मारली की रोवणी खोळंबते. उतरत्या जमिनीवर आडवी मातीची पाळ घालून वरचे पाणी अडवायचे, ही युक्ती इथल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या वापरली. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. नवेगावबांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ छापला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे म्हणूनच येते. आज पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत, त्यांतले हजाराहून अधिक एकट्या गोंदियात.

पुढे मालगुजार आले. तलाव त्यांच्या मालकीचा, पण पाण्यावर गावाचे निस्तार हक्क, म्हणजे रोजच्या गरजेपुरते वापराचे हक्क. कोणाला किती पाणी, पाळीची माती कोणी टाकायची, सलंग (जादा पाण्याचा सांडवा) कोणी सांभाळायचा, हे ‘वाजिब-उल-अर्ज’ या गावदप्तरात नोंदलेले असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि तलाव सरकारजमा झाले. सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी’, बोलण्यात ‘मामा तलाव’. निस्तार हक्कांमुळे पाणीपट्टी बसवणे कठीण, पट्टी नाही म्हणून दुरुस्तीला पैसा नाही, आणि तलाव सरकारचा झाल्यावर गावानेही पाळीवर माती टाकणे सोडले. पाट बुजले, तुडुम गळू लागले, उथळ बाजूला अतिक्रमणे शिरली. मालगुजारीची आठवण काढून उसासे टाकण्यात अर्थ नाही. त्या व्यवस्थेत वेठही होती आणि ढिवराला पाळीवर बसायला मानाची जागा नव्हती. पण देखभाल कोणी करायची याचे उत्तर त्या व्यवस्थेकडे होते. नव्या व्यवस्थेने ते शोधलेच नाही.

आता काठाकडे येऊ. उतारावर एकाच बाजूने पाळ घातलेली असल्यामुळे तलाव पाळीशी खोल आणि येव्याच्या, म्हणजे पाणी आत येते त्या, बाजूला उथळ असतो. त्या बाजूला पाणी कुठे संपते आणि बांधी किंवा झुडपी जंगल कुठे सुरू होते, हे भादव्यात एक असते आणि माघात दुसरेच. या सरकत्या पट्ट्यात वनस्पतींचे थर असतात. अगदी कडेला गवते आणि देवधान, म्हणजे रानटी भात. मग मुळे चिखलात आणि पाने पाण्यावर अशी कमळे, कुमुदे. त्यापुढे पाण्याखाली बुडून राहणारी हायड्रिला आणि पट्टीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया. पाहणाऱ्याला हे सगळे शेवाळ आणि कचरा वाटते. मासळीच्या दृष्टीने हे घर, पाळणाघर आणि स्वयंपाकघर आहे. लहान माशांची चिकट अंडी या पानादेठांना धरून राहतात. मरळ पाणवनस्पतींत जागा करून तिथे अंडी घालते आणि पिलांवर नर-मादी पहारा देतात. मागूर आणि शिंगूर हवेतला श्वास घेऊ शकतात, म्हणून उन्हाळ्यातल्या गढूळ, उथळ पाण्यातही टिकतात. म्हणजे हा स्थानिक मासा तलावातच जन्मतो, तिथेच वाढतो आणि ढिवराला त्याचे बी विकत आणावे लागत नाही.

विकत आणावे लागते ते रोहू, कटला आणि मृगळ यांचे. हे मोठ्या नद्यांचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीण घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन त्यांची वीण करून दाखवली आणि देशभर मत्स्यबीज मिळू लागले. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याच प्रयोगाची आठवण. पुढे सहकारी संस्था, ठेके, दरवर्षी बीज खरेदी, असा मासेमारीचा नवा संसार उभा राहिला. या माशांना वजन आहे, बाजार आहे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. घोटाळा झाला तो सोबत आलेल्या चिनी ग्रास कार्पमुळे. हा मासा १९५९ मध्ये भारतात आणला गेला. तो पाणवनस्पतींवरच जगतो. ‘तण’ साफ करायला त्याला तलावात सोडले की तो कामगिरी चोख बजावतो, आणि त्या तणाबरोबर मरळीचे पाळणाघरही जाते. संस्थेचा हिशेब वरवर बरा दिसतो. पण बीज विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घराला जी चार पोटापुरती मासळी सहज मिळत असे, ती नाहीशी होते.

वरून बेशरम. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे जांभळ्या फुलांचे झुडूप ना गुरे खातात ना ते सहज मरते. उथळ काठावर ते जाळे विणते, गाळ धरते, आणि जिथे देवधान असायचे तिथे पाय टाकायलाही जागा उरत नाही.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात या सगळ्यावर उलट्या बाजूने काम सुरू झाले. मनीष राजनकर आणि त्यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आधी तलावांचा आणि ढिवरांच्या ज्ञानाचा अभ्यास केला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने राहतो, कुठल्या तलावात काय होते आणि काय गेले, हे जाणणारी पतिराम तुमसरे यांच्यासारखी ढिवर मंडळी या कामाची खरी तज्ज्ञ ठरली. पुस्तकात हायड्रिला एकच असते. ढिवराला मात्र ती कोणत्या खोलीवर लागते, कोणत्या मातीत रुजत नाही आणि तिच्याखाली कोणती मासळी बसते, हेही ठाऊक असते.

त्यातून जी पद्धत बसली ती साधी आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायचे. नुसते कापले तर ते दुप्पट जोमाने येते. मग उघड्या पडलेल्या तळावर नांगर फिरवायचा, म्हणजे घट्ट झालेली माती मोकळी होते. पावसाचे पाणी साचू लागले की जवळच्या चांगल्या तलावातून स्थानिक वनस्पतींचे रोप आणून, ज्याच्या त्याच्या खोलीवर, चिखलात खोचायचे. पऱ्हे उपटून रोवणी करणाऱ्या हातांना हे शिकवावे लागत नाही. त्यानंतर स्थानिक मासळी सोडायची, विणीच्या दिवसांत जाळे आवरायचे आणि ग्रास कार्प सोडायचाच नाही. वनस्पती परतल्या की मासे आणि पक्षीही येतात. तरंगत्या पानांवरून चालणारा कमळपक्षी आणि वनस्पतींत लपणारी अडई यांना कोणी आमंत्रण द्यावे लागत नाही.

यात बायकांचा भाग मोठा आहे आणि तो सहज मिळालेला नाही. ढिवरांमध्ये मासे विकायचे ते बाईनेच, पण मच्छीमार संस्थेच्या कागदांवर नावे बहुतेक पुरुषांची. निमगावच्या शालू कोल्हे यांनी आजूबाजूच्या गावांतल्या बायकांना एकत्र आणून तलाव, ग्रामसभा आणि रोजगार हमी यांची सांगड घालायचा आग्रह धरला. बेशरम काढणे आणि वनस्पती लावणे हे मजुरीचे काम म्हणून मांडता येते, ही गोष्ट वाटते तेवढी क्षुल्लक नाही. रोहयोच्या याद्यांत खोदाई ठळक असते. चिखलात रोप खोचणे हे ‘काम’ आहे, हे पटवून द्यावे लागते.

खोदाईबद्दलही बोलले पाहिजे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, आणि २४ एप्रिल २०२२ ला अमृत सरोवर मोहीम सुरू झाली: जिल्ह्यामागे ७५ तलाव, प्रत्येकी किमान एक एकर आणि दहा हजार घनमीटर पाणी. गाळ काढलाच पाहिजे. पन्नास वर्षांचा गाळ साठलेल्या तलावात ना धानाला पाणी उरते ना मासळीला. पण यंत्र एकदा तलावात उतरले की ते सगळीकडे सारखे खोदते, आणि उथळ उताराची उभी भिंत होते. त्या वरच्या थरातच वनस्पतींचे कंद आणि बिया असतात. ट्रॅक्टर भरभरून त्या शेतात जातात आणि पुढच्या वर्षी तलावात पाणी असते, पण ओकेबोके. अगदी पाळीच्या पायथ्याशी खोल खणले तर पाळच कमजोर होते, तेही वेगळेच. म्हणून पाळीपासून योग्य अंतर सोडून मधल्या भागात खोल करावे आणि येव्याच्या बाजूचा उतार हाताळू नये. एवढी एक रेषा आराखड्यावर आखली, तर निम्मे नुकसान टळेल.

आता काठावरची हिरवळ. येव्याकडची जमीन बहुतेकदा झुडपी जंगल किंवा गायरान असते. झुडपी जंगल हा खास विदर्भाचा महसुली प्रकार. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी ठरवल्या. गावाची गुरे तिथे चरतात, सरपण तिथून येते, आणि पावसाचे पाणी तिथूनच गाळून तलावात उतरते. ती उजाड झाली की तलाव गाळाने भरतो. म्हणून तलावाची बाग करायची तर ती इथे करावी: आवळा, जांभूळ, मोह, बेहडा, खाली गवत, आणि पाळीपाळीने चराईबंदी. पाळीवर मात्र मोठी झाडे लावण्याचा उत्साह आवरावा. वड-पिंपळाची मुळे मातीच्या पाळीत शिरली की त्यांच्या वाटेने पाणी झिरपते. पाळीला हरळी आणि वाळा पुरे; वड, पिंपळ, करंज पाळीच्या पायथ्यापासून दूर, गावाच्या अंगाला. बसायची जागा, पोरांचे मैदान, गुरांचा आणि धुण्याचा घाट हेही सगळे त्याच एका अंगाला असावे, आणि समोरचा काठ पक्ष्यांना व मासळीला सोडावा. तिथे रात्रीचे दिवेही नकोत. चहूबाजूंनी सिमेंटची भिंत घातली तर बेडूक आणि कासव बाहेर येऊ शकत नाहीत, तहानलेले जनावरही पाण्यापर्यंत पोहोचत नाही. मूर्तींसाठी बाजूला वेगळे कुंड केले की विसर्जनाचा प्रश्नही सुटतो.

उथळ काठाची किंमत कोणाला कळो न कळो, सारसांना कळते. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियात, तेही मोजके. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. सारस घरटे करतो धानाच्या बांधीत किंवा उथळ पाणथळीत. उभ्या काठाच्या, फरसबंद तलावाचा त्याला उपयोग नाही. गोंदियातले ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी राखतात.

उरला कागद. एकाच तलावात पाणी एका खात्याचे, मासेमारीचा ठेका दुसऱ्याचा, येव्याची जमीन तिसऱ्याची, आणि बुडीत जमिनीत उन्हाळी धान घेणारा अतिक्रमक चौथा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतल्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आणि १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आजही आहे, पण १६५ मधली मासेमारीची नोंद ही सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या पाण्यापुरती. मामा तलाव तिथेच निसटतात. जिथे तलाव वनक्षेत्रात आहे, तिथे २००६ च्या वनहक्क कायद्यातले कलम ३(१)(घ) मदतीला येते. त्यात मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्न यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. असे सामूहिक दावे मंजूर झालेली गावे गोंदिया जिल्ह्यात आहेत.

बाकी तलावांना ग्रामसभेचा ठराव हाच आधार. त्यात काय असावे? तुडुम किती पाणी उरल्यावर बंद होईल त्याची खूण, दगडावर कोरलेली, शेतकरी आणि ढिवर दोघांनी मिळून ठरवलेली. ठेक्याच्या अटींत ग्रास कार्प, थाई मागूर आणि बारीक जाळ्यांना मनाई. ठेका मोठ्या मुदतीचा, कारण यंदा लावलेल्या वनस्पतींचे फळ पुढच्या ठेकेदाराला मिळणार असेल तर चिखलात कोण उतरेल? आणि संस्थेच्या सभासदयादीत मासे विकणाऱ्या बायकांची नावे. सुशोभीकरणाचे अंदाजपत्रक कधी आलेच, तर फरसबंदीच्या वर एक ओळ घालून घ्यावी: बेशरम निर्मूलन व स्थानिक पाणवनस्पती लागवड, मजुरीसह.