परांचन गती आणि ध्रुवताऱ्यावरून अक्षांशमापन

पृथ्वीच्या विषुववृत्तीय फुगवट्यावर सूर्य व चंद्र यांचे आकर्षण कार्य करीत असल्याने तिचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे डोलत असतो. या परांचन गतीचे एक आवर्तन सुमारे २६,००० वर्षांत पूर्ण होते. परिणामी खगोलीय उत्तर ध्रुव ताऱ्यांमधून सरकत राहतो. ‘अढळ’ म्हणून गौरविलेला ध्रुवतारा त्या अर्थाने अढळ नव्हेच. इ.स.पू. २८०० च्या सुमारास ते स्थान कालेय तारकासमूहातील ठुबान या ताऱ्याकडे होते.

उत्तर गोलार्धात खगोलीय ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच निरीक्षकाच्या स्थानाचा अक्षांश होय. कोलंबसच्या काळी ध्रुवतारा ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर राहून त्याभोवती दररोज फेरी घेत असे. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, हे ध्यानी घेता केवळ त्याच्या उंचीवर विसंबणाऱ्याची दोनशे सागरी मैलांपर्यंत चूक होऊ शके. म्हणूनच पोर्तुगीज नाविक ध्रुवमत्स्यातील कोचाब ताऱ्याची दिशा पाहून ठरावीक अंश मिळवीत वा वजा करीत. आज हे अंतर पाऊण अंशाहूनही कमी आहे, इ.स. २१०० च्या सुमारास ते सर्वांत कमी, अर्ध्या अंशाच्या आत येईल व पुढे पुन्हा वाढत जाईल. नाविक पंचांगात ताऱ्यांची स्थाने दरवर्षी नव्याने द्यावी लागतात, त्याचे प्रमुख कारण हेच.