बोटातल्या थेंबाची तपासणी : काय कळते, काय कळत नाही

विहारात किंवा समाजमंदिरात आरोग्य शिबिर भरले की साखर आणि रक्तदाब तपासायला रांग लागते. पण बोटाच्या रक्तावर एचआयव्ही किंवा ‘सी’ प्रकारची कावीळ तपासण्याचे टेबल असेल, तर तिथे फारसे कोणी फिरकत नाही. ‘काही निघाले तर वस्तीत तोंड कसे दाखवायचे?’ ही धास्ती असते. ती कमी व्हायची असेल तर ही तपासणी समजून घ्यायला हवी.

विषाणू अंगात शिरला की त्याच्याशी लढण्यासाठी शरीर रक्तात प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करते. तपासणीची पट्टी ही प्रतिपिंडे शोधते. म्हणजे ती चोर पकडत नाही, चोराच्या पावलांचे ठसे पाहते.

रक्त मधल्या बोटातून किंवा अनामिकेतून, टोकाच्या जरा कडेला टोचून घेतात. आधी स्पिरिट लावून ते वाळू देतात आणि पहिला थेंब कापसाने पुसून टाकतात. बोट जोरात पिळू नये. पिळल्याने शरीरातले पाणी रक्तात मिसळून नमुना पातळ होतो. टोचणी प्रत्येकासाठी नवी हवी आणि ती आपल्यासमोर फोडलेली हवी. तसे दिसले नाही तर बेधडक विचारा. हात मागे घ्या.

पट्टीवर इंग्रजी ‘सी’ आणि ‘टी’ ही अक्षरे असतात. ‘सी’जवळ रेघ आलीच नाही तर ती तपासणी बाद; नवी पट्टी घेऊन पुन्हा करावी लागते.

‘टी’जवळ रेघ नाही, म्हणजे निगेटिव्ह. पण ठसे उमटायला वेळ लागतो. एचआयव्हीच्या बाबतीत हा काळ तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. अलीकडेच असुरक्षित संबंध आला असेल किंवा दुसऱ्याची सुई वापरली गेली असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका.

‘टी’जवळ रेघ आली तरी तो अंतिम निकाल नव्हे. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करूनच एचआयव्हीचे निदान करतात. तपासणी आणि पुढचे एआरटी औषध, दोन्ही मोफत आहेत. गोळ्या रोज नेमाने घेतल्या तर माणूस कामधंदा, संसार करत दीर्घकाळ जगतो.

‘सी’ काविळीत हे ठसे आजार बरा झाल्यावरही रक्तात राहतात. म्हणून विषाणू आजही अंगात आहे का, हे पाहणारी दुसरी तपासणी करावीच लागते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो.

एचआयव्ही असलेल्या मातेच्या बाळाची गोष्ट वेगळी. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे पट्टीवर रेघ आली म्हणून बाळाला लागण झाली असे ठरत नाही. सहा आठवड्यांचे झाल्यावर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन विषाणूचीच तपासणी करतात.

२०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आपल्याला हक्क दिले आहेत. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल परस्पर कोणाला सांगता येत नाही, आणि एचआयव्हीच्या कारणावरून नोकरी किंवा शाळेत भेदभाव करता येत नाही. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोलावे.

शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी आणि महिला मंडळांनी एवढे पाहावे : या टेबलाला पडदा असावा, निकाल एकेकाला आत बोलावून सांगावा, माइकवरून नाव पुकारू नये. आपली गोष्ट बाहेर जाणार नाही अशी खात्री पटली, की रांग आपोआप लागते.