फळ चमच्याने, गवत पोतेभर

गुरुवार म्हणजे भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुटी. कित्येक घरांत याच दिवशी उपवासही असतो. ताटात केळे, पपई, खजूर, डाळिंबाचे दाणे असतात. घरात ससा किंवा गिनीपिग असेल, तर त्यातला एक वाटा त्यालाही मिळतो. आठवडाभर पाळ्यांच्या धावपळीत त्याच्याकडे बघायला वेळ झालेला नसतो, त्यामुळे सुटीच्या दिवशी सगळे लाड एकदम होतात. शुक्रवारी सकाळी मात्र पिंजऱ्यातले गवत तसेच पडलेले दिसते. ‘काल जास्त झाले असेल, आज उपाशी राहिला की बरा होईल,’ असे म्हणत घरातले कामावर निघून जातात.

आपल्याकडे लंघन हे मोठे औषध मानले जाते. माणसाला ते एखाद्या वेळी मानवतेही. सशाच्या मात्र ते जिवावर बेतू शकते.

फ्लॅटमध्ये कुत्रा सांभाळणे जमत नाही म्हणून अनेक जण ससा किंवा गिनीपिग आणतात. चिंचिलाचे व्हिडिओ पाहून काहींना तोही हवासा वाटतो. दिसायला हे तिन्ही प्राणी वेगळे असले, तरी त्यांच्या पोटाची रचना एकाच धर्तीची आहे. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर त्यांना एक मोठी पिशवी असते, तिला अंधांत्र म्हणतात. तिथे अब्जावधी जिवाणू गवतातला चोथा आंबवतात आणि त्यातून प्राण्याला ऊर्जा मिळते. गाईच्या पोटात हे काम सुरुवातीलाच होते, सशाच्या पोटात ते शेवटाकडे होते.

ही भट्टी चालू राहायची, तर चोथा सतत आत येत राहायला हवा. त्याच्याच रेट्याने आतडी हलती राहतात. ससा गोड फळावर पोट भरतो, तेव्हा दोन गोष्टी होतात. गवत कमी खाल्ल्याने आतडी मंदावतात आणि अंधांत्रात पोहोचलेल्या जादा साखरेवर नको ते जिवाणू वाढतात. गॅस धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा खाणे सोडतो, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. या प्राण्यांना उलटीही करता येत नाही. आत अडकलेले बाहेर टाकायचा तो मार्ग त्यांना नाही.

‘अर्धे केळे तर दिले,’ असे आपण सहज म्हणतो. जरा हिशेब करू. ससा दोन किलोचा आणि आपण साठ किलोचे, म्हणजे तीसपट. त्याचे अर्धे केळे म्हणजे आपली पंधरा केळी. सव्वा डझन केळी एका बैठकीत खाऊन कुणाचे पोट जागेवर राहील?

मग फळ द्यायचेच नाही का? द्यावे, पण खाऊ म्हणून. दोन किलोच्या सशाला एका वेळी चहाचे एक-दोन चमचे भरतील एवढेच, आठवड्यातून एक-दोनदा. गिनीपिगला एक चमचा पुरे. सफरचंद, पेअर, पपई आणि पेरूचा गर चालतो. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते, तीही नीट धुऊन पानांसकट देता येते. सफरचंदाच्या बिया मात्र काढून टाकाव्यात, कारण त्या चावल्या गेल्या की पोटात सायनाइड तयार होऊ शकते. आलुबुखार, पीच, चेरी यांच्या बियांनाही हाच नियम. जुन्नरचे द्राक्ष गोडीला अस्सल, म्हणूनच एका वेळी एकापेक्षा जास्त नको. केळे, अंजीर, खजूर, मनुका यांत साखर दाटलेली असते. ही उपवासाची फळे आपल्याच ताटात राहू द्यावीत. सीताफळही टाळावे, त्याच्या बिया विषारी असतात. अॅव्होकाडो तर अजिबात नको.

चाकणचा बाजार ज्या दोन पिकांसाठी नावाजलेला आहे, तीही या पिंजऱ्यात जाता कामा नयेत. कांदा, त्याची पात आणि लसूण यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बटाट्याचा पाला, कोंब आणि हिरवट पडलेली साल विषारी असते, आणि बटाट्यातला स्टार्चही या पोटाला झेपत नाही.

गिनीपिगच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. माणसाप्रमाणेच त्याच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या संशोधकांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून मोकळी झाली. म्हणून अनेक जण गिनीपिगला रोज संत्रे देतात. त्यापेक्षा ढोबळी मिरची बरी. तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि साखर थोडी. रोज पाव मिरची आणि चार काड्या कोथिंबीर दिली, तर एक किलोच्या गिनीपिगची गरज भागते.

चिंचिला मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. कोरडी, थंड हवा आणि रुक्ष झुडपे हे त्याचे जग. त्याचे पोट तिघांत सर्वात नाजूक, त्यामुळे त्याला फळ न देणेच उत्तम. त्याची लोकर इतकी दाट असते, की पंचवीस अंशांच्या वर पारा गेला तरी त्याला त्रास होऊ लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. दिवसभर एसी चालवण्याची तयारी नसेल, तर हा प्राणी आणू नये.

उन्हाळ्यात आणखी एक चूक होते. कलिंगड ‘थंड’ म्हणून सशाला फोडीच्या फोडी दिल्या जातात. त्याने शरीराचे तापमान उतरत नाही, जुलाब मात्र होतात. गारव्यासाठी सावली, वाहती हवा, भरपूर पाणी आणि कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली हवी.

मग पोट कशाने भरायचे? गवताने. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलीमीटर. गवत चघळूनच ते झिजतात. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग वाळलेले गवत समोर असावे. परदेशी टिमोथी गवताची पाकिटे महाग पडतात, पण आपली हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, हेही उत्तम गवत आहे. फक्त ते रस्त्याकडेचे किंवा फवारणी झालेले नसावे, आणि धुऊन द्यावे. लसूणघास लहान पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला तो रोज दिला, तर त्यातल्या जादा कॅल्शियमचा गाळ मूत्राशयात साचू शकतो.

पोट ठीक आहे की नाही, हे लेंड्या सांगतात. त्या गोल, कोरड्या, एकसारख्या आकाराच्या आणि भरपूर असाव्यात. त्या लहान झाल्या, कमी झाल्या किंवा मऊ, चिकट लेंड्या पिंजऱ्यात पडून राहू लागल्या, तर फळ लगेच बंद करून गवत वाढवावे. दहा-बारा तास खाणेही नाही आणि लेंड्याही नाहीत, तर ती तातडीची वेळ समजून लगेच दवाखाना गाठावा. सगळेच पशुवैद्य सशांवर उपचार करत नाहीत, म्हणून जवळ कोण करते हे आधीच विचारून ठेवावे. घरातले अँटिबायोटिक मात्र कधीही देऊ नये. अमॉक्सिसिलिनसारखे पेनिसिलिन गटातले औषध तोंडावाटे दिले, तर पोटातले चांगले जिवाणू मरून हे तिन्ही प्राणी दगावू शकतात.

ज्या घरात एक जण रात्रपाळीहून येतो आणि दुसरा पहिल्या पाळीला निघतो, तिथे ‘त्याने काल काय खाल्ले’ हे दोघांनाही ठाऊक नसते. कारखान्यात पाळी बदलताना यंत्राची नोंद पुढच्याच्या हाती दिली जाते. तशीच एक वही पिंजऱ्याशेजारी टांगावी. त्यात तीनच रकाने पुरेत : गवत खाल्ले का, लेंड्या पडल्या का, फळ कुणी दिले. तिसरा रकाना एकदा भरला असेल, तर दुसऱ्याने त्या दिवशी फळाऐवजी दूर्वांची जुडी पुढे करावी.