वैमानिकाची छाननी आणि निर्दोष माणूस

विमान चालविणाऱ्या माणसाची छाननी कोणी करावी आणि किती करावी, हा प्रश्न या नियतकालिकाच्या वाचकाला परका वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्या चांगल्याच परिचयाचा आहे. ज्याने काहीही केलेले नाही अशा माणसाला संशयित ठरविण्याचा अधिकार सत्तेला कोठून मिळतो? आणि एकदा संशयित ठरल्यावर त्याने त्यातून सुटायचे कसे? विमानाच्या निमित्ताने हा प्रश्न फार स्पष्ट स्वरूपात समोर येतो, म्हणून त्याची मांडणी येथे करतो आहे.

प्रथम धोका मान्य केला पाहिजे. तो नाकारून चर्चा केली तर ती भाबडेपणाची होईल. बाहेरच्या शत्रूपासून रक्षण करता येते. पण ज्याच्या हाती किल्ली आहे तोच उलटला तर काय करायचे? कुंपणच शेत खाऊ लागले तर, असे आपण म्हणतो ते हेच. 7 डिसेंबर 1987 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पीएसए कंपनीचे 1771 क्रमांकाचे विमान कोसळले आणि त्यातील 43 माणसे ठार झाली. नोकरीवरून काढून टाकलेला एक विमान-कर्मचारी पिस्तूल घेऊन त्यात चढला होता. कर्मचारी म्हणून मिळालेले ओळखपत्र त्याच्याकडेच राहिले होते आणि ते असणाऱ्याची झडती होत नव्हती. त्यानंतर कामावरून कमी केलेल्याचे ओळखपत्र ताबडतोब परत घ्यावे आणि कर्मचाऱ्यांचीही तपासणी व्हावी, असे नियम झाले. हे नियम न्याय्य होते. ते सर्वांना सारखे लागू होते आणि त्यांत कोणाची जात, धर्म वा देश विचारलेला नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर जगभर कॉकपिटचे दरवाजे मजबूत करण्यात आले. ते आतून बंद करता येतात आणि बाहेरच्याला फोडता येत नाहीत. अपहरणकर्त्याला रोखण्यासाठी ही योजना होती. 24 मार्च 2015 रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेल्या जर्मनविंग्ज कंपनीच्या विमानात कॅप्टन थोड्या वेळासाठी बाहेर गेला आणि सहवैमानिकाने दरवाजा आतून बंद करून घेतला. कॅप्टन दार ठोठावीत राहिला. विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळले आणि 150 माणसे मेली. परक्याला बाहेर ठेवण्यासाठी केलेल्या दाराने आपल्याच माणसाला आत सुरक्षित ठेवले.

या अपघाताचा फ्रान्सच्या तपास संस्थेचा अहवाल 2016 मध्ये आला. चळवळीतल्या माणसाने तो मुद्दाम समजून घ्यावा असे मला वाटते. सहवैमानिकाला प्रशिक्षणाच्या काळातच नैराश्याचा आजार झाला होता आणि ते परवाना देणाऱ्यांना माहीत होते. पुढे आजार पुन्हा उलटला. त्याने अनेक डॉक्टरांना दाखविले. एकाने मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्लाही दिला होता. परंतु त्याने कंपनीला सांगितले नाही आणि डॉक्टरांनीही कोणाला कळविले नाही. अहवालाने त्यामागची कारणे दिली आहेत. परवाना गेला तर उत्पन्न जाणार आणि त्या नुकसानीची पुरेशी भरपाई नाही. शिवाय ज्या कामाची आयुष्यभर आस धरली ते कामच जाणार. डॉक्टरांपुढे रुग्णाची गुप्तता मोडल्यास होणाऱ्या शिक्षेची भीती होती. म्हणजे खरे बोलणाऱ्याची भाकरी हिरावून घेणारी व्यवस्था असली की माणूस खोटे बोलतो. येथे छाननीचा अभाव नव्हता. वैद्यकीय तपासण्या होत होत्या, प्रमाणपत्रे मिळत होती. खरे सांगण्याची सोय तेवढी नव्हती.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष मानावा, हे तत्त्व 1948 च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या अकराव्या कलमात आहे. शाबीत करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर असते. मात्र या तत्त्वाची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. ते फौजदारी खटल्यातील शिक्षेसाठी आहे. परवाना रोखणे, विमानतळाचा पास काढून घेणे, नेमणूक न देणे यांना कायदा शिक्षा म्हणत नाही. त्यांना तो खबरदारी म्हणतो, आणि खबरदारीसाठी पुराव्याची गरज फार थोडी लागते. ज्याचे पोट त्या परवान्यावर आहे त्याला मात्र शिक्षा आणि खबरदारी यांतला फरक कळत नाही. त्याच्या घरातली चूल दोन्ही वेळा सारखीच विझते.

लोत्फी रईसी या वैमानिकाचे प्रकरण हे दाखवून देते. रईसी मूळचा अल्जीरियाचा, वय 27, ब्रिटनमध्ये हीथ्रो विमानतळाजवळ राहणारा. विमान चालविण्याचे शिक्षण त्याने अमेरिकेत ॲरिझोनामध्ये घेतले होते. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातील एका अपहरणकर्त्यानेही त्याच भागात शिक्षण घेतले होते. 21 सप्टेंबर 2001 रोजी रईसीला अटक झाली. पत्नीला आणि भावालाही पकडण्यात आले. त्याने अपहरणकर्त्यांना शिकविले असा आरोप अमेरिकेच्या वतीने न्यायालयात करण्यात आला. परंतु त्याला अमेरिकेच्या हवाली करण्यासाठी जो गुन्हा कागदावर मांडला तो कोणता होता? वैमानिकाच्या परवान्याच्या अर्जात त्याने गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि चोरीची एक जुनी शिक्षा लिहिली नव्हती, हा! तोंडी आरोप हजारो माणसांच्या हत्येचा आणि कागदावर आरोप अर्जातल्या रिकाम्या रकान्याचा.

बेलमार्श या कडेकोट तुरुंगात तो सुमारे पाच महिने होता. फेब्रुवारी 2002 मध्ये त्याला जामीन मिळाला. एप्रिल 2002 मध्ये न्यायाधीशाने त्याला मोकळे केले आणि दहशतवादाच्या आरोपाला आधार देणारा काहीही पुरावा आपल्यापुढे आलेला नाही असे स्पष्ट केले. तरीही सरकार नुकसानभरपाई देईना. 2008 मध्ये अपील न्यायालयाने तो पूर्णपणे निर्दोष असल्याचे म्हटले आणि हवाली करण्याची ती कार्यवाही मूळ हेतू सोडून वापरली गेल्याचेही नोंदविले. 2010 मध्ये सरकारने त्याचा भरपाईचा हक्क मान्य केला. अटकेपासून इथवर साडेआठ वर्षे लोटली होती. या काळात त्याला पुन्हा वैमानिकाची नोकरी मिळाली नाही. न्यायालयाने निर्दोष म्हटले तरी धंद्याने म्हटले नाही.

रईसीविरुद्ध काय होते? त्याचा देश, त्याचा धर्म, त्याचा धंदा आणि एक योगायोग. यांतले एकही कृत्य नव्हते.

यावर कोणी म्हणेल, शेकडो जीव वाचणार असतील तर एखाद्या निर्दोषाने सोसले तर बिघडले कोठे? या युक्तिवादात एक हिशेबाची चूक आहे. समजा एक लाख वैमानिक आहेत आणि त्यांतले पाच खरोखर धोकादायक आहेत. समजा एक चाचणी अशी आहे की ती त्या पाचांना नक्की पकडते आणि निर्दोषांच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकते. इतकी अचूक चाचणी प्रत्यक्षात नाही, तरी धरून चालू. ती पाच धोकादायक माणसे पकडील आणि त्यांच्याबरोबर सुमारे एक हजार निर्दोष माणसे पकडील. पकडलेल्या दर 201 माणसांत 200 निर्दोष असतील. दोष जितका दुर्मीळ, तितकी निर्दोष माणसे जाळ्यात अधिक. म्हणून बळी जातो तो एखाद्या निर्दोषाचा नव्हे, निर्दोषांच्या एका मोठ्या समूहाचा. आणि चाचणीच्या जागी धर्म, देश किंवा आडनाव आले, की तो समूह कोणाचा असेल हे आधीच ठरून जाते.

हे गणित विमानापुरते नाही. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात कृत्य पाहिले जात नव्हते, जन्म पाहिला जात होता. जमातीची नोंद झाली की त्यातले मूलही संशयित म्हणूनच वाढे. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडताना पास आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. तेथेही शब्द खबरदारीचाच होता. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या, पण मुंबई राज्यात 1959 साली सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला आणि पोलिसांच्या मनातली यादी तशीच राहिली. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्याची जी तरतूद उरली होती ती सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 च्या निकालात घटनाबाह्य ठरविली. विमुक्तीला तेव्हा 72 वर्षे झाली होती! कॉकपिटमधला वैमानिक आणि पालावरचा पारधी यांच्या जगण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, हे मी विसरत नाही. परंतु संशयाचे यंत्र दोघांच्या बाबतीत एकाच पद्धतीने चालते, आणि वैमानिकाला वकील मिळतो तेथे पारध्याला तो मिळत नाही, एवढाच त्यात फरक पडतो.

आपल्याकडे विमानतळावर काम करणाऱ्या सफाई कामगारापासून सामान चढविणाऱ्यापर्यंत सर्वांना प्रवेशाचा पास लागतो आणि त्यासाठी पोलिसांकडून पार्श्वभूमीची पडताळणी होते. सरकारी नोकरीतही चारित्र्य पडताळणी असतेच. आंदोलनात भाग घेतल्याबद्दल गुन्हा नोंदला गेलेल्या तरुणाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. म्हणून दोन-तीन निकाल कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावेत. 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अर्जात एखादी माहिती लपविली म्हणून डोळे मिटून माणसाला काढून टाकता येत नाही. प्रकरण किरकोळ होते की गंभीर आणि काम कोणत्या स्वरूपाचे आहे, हे पाहावे लागते. याच्या उलट, विमानतळावर सेवा पुरविणाऱ्या एका संस्थेच्या बाबतीत 2014 मध्ये याच न्यायालयाने म्हटले होते, की राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न असेल तर बाजू मांडण्याची संधी न देताही परवानगी काढून घेता येते. पुढे 5 एप्रिल 2023 रोजी मीडियावन या मल्याळी वृत्तवाहिनीच्या प्रकरणात न्यायालयाने त्याला आवर घातला. राष्ट्रीय सुरक्षा हे शब्द नुसते उच्चारले की नैसर्गिक न्याय संपतो असे नाही. सरकारला कारण दाखवावे लागेल.

मग न्याय्य छाननी कशी असावी? माझ्या मते तिच्या पाच कसोट्या आहेत. ती सर्वांना सारखी लागू असावी. तिने माणसाचे कृत्य आणि त्याची आजची अवस्था पाहावी, जन्म पाहू नये. निर्णयाचे कारण संबंधिताला सांगावे आणि त्याला स्वतंत्र अधिकाऱ्यापुढे दाद मागता यावी. संशयाला मुदत असावी. मुदत संपली की नोंद पुसली जावी. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची : खरे सांगणाऱ्याची भाकरी शाबूत राहावी, आणि निर्दोष ठरलेल्याला त्याचे काम परत मिळावे.

ही स्वप्नरंजनाची यादी नाही. जर्मनविंग्जनंतर युरोपीय संघाने 2018 मध्ये नियम केले आणि ते 2021 पासून लागू झाले. सेवेत येण्यापूर्वी मानसिक मूल्यमापन आणि मद्यपानाची अचानक तपासणी यांबरोबर प्रत्येक वैमानिकाला सहकाऱ्यांच्या आधाराची व्यवस्था उपलब्ध असली पाहिजे, असे त्यात आहे. ज्याला मनाचा त्रास होतो आहे त्याने आपल्याच धंद्यातल्या माणसाजवळ विश्वासाने बोलावे, उपचार घ्यावेत आणि शक्य तर कामावर परत यावे, हा तिचा हेतू आहे. विमानातल्या प्रवाशाचे रक्षण आणि वैमानिकाचे माणूसपण यांत येथे भांडण नाही.

भांडण लावतात ते घाई करणारे लोक. 12 जून 2025 रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान कोसळले आणि जमिनीवरच्या माणसांसह 260 जण ठार झाले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद होती. इंधन का बंद केलेस, असे एक वैमानिक विचारतो आणि आपण केले नाही असे दुसरा सांगतो, एवढा संवादही होता. कोणी काय केले हे त्या अहवालाने ठरविले नव्हते. तरी मृत कॅप्टनला दोषी ठरवून लोक मोकळे झाले. त्याचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायमूर्तींना त्यांना सांगावे लागले, की मुलावर ठपका असल्याचे ओझे तुम्ही मनावर बाळगू नका. मेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत पुराव्याची वाट पाहण्याची जबाबदारी जिवंतांवर अधिक असते.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ओळखले गेले त्यांनी तरी दुसऱ्याला त्याच मापाने मोजू नये. उद्या एखादा अल्जीरियन वैमानिक, एखादा मुसलमान हमाल किंवा एखादी पारधी तरुणी संशयाच्या यादीत दिसली, तर आपण पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हा, की तिने केले काय. उत्तर येईपर्यंत ती निर्दोष आहे. आणि उत्तर आलेच नाही, तर तिचे नाव यादीतून कोणत्या तारखेला काढणार, हा दुसरा प्रश्नही लगेच विचारला पाहिजे.