दहा हजार टाके

पहाटे पाच

आज नळाला पाणी आहे, म्हणजे जुन्या साड्या धुवायचा दिवस. आधी प्यायचं पाणी, मग टाकी, मग पिंपं, आणि उरलेल्या धारेखाली गोधडीचं कापड. दोंडाईच्यात वैशाखात कामाचा हा क्रम कुणी मोडत नाही.

चार साड्या रात्रीच भिजत घातल्या होत्या. सुती साडी नेसणारी बाई तिला वर्षानुवर्षं खळ घालते. ती खळ पूर्ण निघाली नाही तर सुई अडते, आणि पुढे घडी घालून ठेवलेल्या गोधडीत कसर लागते. म्हणून पाणी गढूळ येईनासं होईपर्यंत पिळायचं. आमच्या गावात मक्यापासून स्टार्च काढणारा मोठा कारखाना आहे. तिथलं काम स्टार्च मिळवायचं आणि माझ्या पहाटेचं काम तो घालवायचं.

सकाळी सहा

वाळत घालण्याआधी निवडणं. हाताला सगळ्याच साड्या मऊ लागतात, त्यामुळे हातावर भरवसा ठेवून चालत नाही. पदराच्या टोकाचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सूत कागदासारखं जळतं आणि राख बोटावर विरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि काळी टणक गुठळी उरते. आजच्या चारांत दोन सुती, एक मिसळीची आणि एक निव्वळ सिंथेटिक निघाली.

हे प्रमाण दरवर्षी बिघडतंय. दोंडाईचा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. खानदेशातली कितीतरी कुटुंबं पोटापाण्यासाठी सुरतेला उधना, लिंबायतकडे गेली आणि तिथल्या कापडधंद्यात रुळली. ते लोक लग्नाकार्याला गावी येताना साड्यांचे तुकडे गाठोड्याने आणतात. तुकडे झगझगीत असतात, रंग जात नाही, फुकटात पडतात. पण त्यांची गोधडी घाम टिपत नाही, अंगावरून घसरते आणि उन्हाळ्यात पाठ भाजते. नऊवारी लुगडी नेसणाऱ्या बायका गल्लीत दोन-चारच राहिल्या. गोधडीचा कच्चा माल त्यांच्या पेटीत आहे, आणि तो नव्याने तयार होत नाही.

सकाळी साडेसात

गोधडी बाजूला. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, डबा. मुलांना सुट्टी असली तरी यांच्या कामाला नाही. या दोन तासांत सुई हातात येत नाही आणि यायलाही नको. तेलाचा एक डाग पाच थरांत उतरतो.

सकाळी साडेनऊ

मागच्या गल्लीतल्या एक काकू गाठोडं घेऊन आल्या. गेल्या वर्षी त्यांची आई वारली, तिची लुगडी. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "आईचं हिरवं लुगडं वर दिसलं पाहिजे."

मी ते उजेडासमोर धरलं. मधोमध जाळी झाली होती. वरचा थर रोजच्या घासण्याचा, उशी-पायांच्या ओढीचा मारा खातो. तिथे विरलेलं कापड घातलं तर दुसऱ्याच पावसाळ्यात फाटेल. विरलेलं कापड आत घालायचं, दोन धड थरांच्या मध्ये. तिथे ते कापसाचं काम करतं, ऊब देतं. वर-खाली दणकट कापड. काकूंचा चेहरा उतरला, तेव्हा मी लुगड्याचा काठ दाखवला. काठ घट्ट विणलेला असतो आणि लुगडं विरलं तरी तो शाबूत राहतो. तो उतरवून चारी बाजूंनी गोट लावला, तर रोज हाताला लागेल तो आईचाच काठ. काकूंना ते पटलं.

मग दराचा विषय निघाला. "शिलाई किती गं घेशील? सातशे चालतील ना?" मी म्हटलं, संध्याकाळी कळवते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या काळात शिलाईचे पैसे मागणं म्हणजे शेजारधर्म विकणं.

सकाळी साडेदहा

आधीच्या गोधडीचं कातरकाम. इथे हिशेब चुकला तर साडी वाया जाते.

मोठ्या माणसाची गोधडी पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब धरते. साडीचा पन्हा ४५ इंच. पाच फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडले की ९० इंच होतात, म्हणजे बरोबर साडेसात फूट, एक थर. सहावारी साडी १८ फूट भरते. तिच्यातून पाच-पाच फुटांचे तीन तुकडे निघतात आणि तीन फूट उरतं. पाच थरांना दहा तुकडे लागतात. तीन साड्यांतून नऊ मिळतात आणि उरलेल्या तीन-तीन फुटांच्या पट्ट्या जोडून दहावा होतो. तो जोडाजोडीचा थर नेहमी मधे जातो. कागदावर तीन साड्या पुरतात. प्रत्यक्षात विरलेला, फाटलेला, डागाळलेला भाग वगळला की चार लागतात.

चार साड्यांतून जे वगळलं तेही टाकत नाही. बरा तुकडा असेल तर बाळाचं दुपटं, त्याहून लहान असेल तर पायपुसणं, लांबट चिंध्या पिळून चुंबळ, आणि अगदी शेवटच्या चिंध्या मुलींच्या बाहुलीच्या पोटात.

सकाळी साडेअकरा

पुढची खोली झाडून, पुसून, कोरडी करून गोधडी अंथरली. सगळ्यात खालचा थर उलटा, म्हणजे त्याची चांगली बाजू जमिनीकडे. मग एकेक थर. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे ओढत न्यायचा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. आमच्याकडे त्यासाठी पाटा, वरवंटा आणि धान्य मोजायच्या दोन जुन्या पायल्या आहेत.

मग कच्चा टाका. वीतभर अंतरावर उभ्या-आडव्या लांब टाक्यांनी सगळे थर तात्पुरते बांधायचे. नवशिक्या बाईला हे काम वायफळ वाटतं, कारण शेवटी हा दोरा उसवूनच काढायचा असतो. पण आमची गोधडी कडेपासून आत शिवत नेतात. आधी चौकट, मग तिच्या आत दुसरी चौकट, अशा रांगा मध्यापर्यंत. कडा पहिल्याच दिवशी घट्ट होतात, पण कापड जिथे सैल असेल तिथला झोळ पुढे सरकत मध्ये गोळा होतो. कच्चा टाका त्याला जागेवरच धरून ठेवतो.

दुपारी साडेबारा

धावदोरा सुरू. दोरा हातभरच घ्यायचा. मी एकदा जरा लांब घेतला तशा आत्याबाई म्हणाल्या, "लांब दोरा गुतस." मेणाच्या तुकड्यावरून दोरा दोनदा ओढला की तो गुंतत नाही आणि कापडातून सुळकन जातो. बोटात अंगुस्तान हवंच. पाच थरांतून सुई ढकलताना उघडं बोट तासाभरात सोलवटतं.

एका दमात सुईवर तीन-चार टाके घेऊन ओढायचं. खालच्या बाजूलाही टाका तेवढाच दिसला पाहिजे. आत्याबाई माझी शिलाई नेहमी उलटी करून बघतात.

दुपारी दोन

वीज गेली. खानदेशातल्या वैशाखातली दुपार, पंखा बंद, आणि तळहाताला घाम. घामट हाताने पांढऱ्या कापडावर शिवलं तर रांगेच्या कडेने पिवळसर पट्टा उठतो आणि सुईही गंजते. म्हणून सुई राखेच्या पुरचुंडीत खुपसून ठेवली, आणि जेवण, आडवं होणं. खरं तर गोधड्यांचा हंगाम हाच. रब्बी घरात आलेली, खरिपाला पाऊस यायचा, शेतातलं काम ढिलं. पूर्वी याच दोन महिन्यांत पापड, कुरडया, वाळवणं आणि गोधड्या असं सगळं उरकायचं. पावसाळ्यात एवढं कापड वाळत नाही आणि पेरणी लागल्यावर एवढी मोकळी जमीन आणि एवढे मोकळे हात मिळत नाहीत.

दुपारी साडेतीन

वीज आली आणि तिच्या मागोमाग शेजारणी. गोधडीच्या चार बाजूंना चौघी बसल्या की काम चौपट होत नाही, दुप्पट होतं. उरलेलं बोलण्यात जातं, आणि ते जायलाच हवं. एकीच्या मुलीचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे. ती रुखवताचं सामान इथेच घेऊन आली होती: सुपारीचे नवरा-नवरी, मोत्यांचं तोरण, लोकरीचे रुमाल. सुपारीच्या नवरीला नऊवारी नेसवायला तिला बोटभर जरीचा तुकडा हवा होता. चिंध्यांच्या पिशवीत निघाला.

माझ्या मुलीने मोबाइलवर अमेरिकेतल्या गोधड्या दाखवल्या. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं नदीच्या वळणावरचं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतातले जुने कपडे, डेनिमच्या विजारी, धान्याची पोती जोडून थंडीसाठी गोधड्या शिवत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. शेजारणींना गोधडी भिंतीवर लावायची कल्पनाच पटेना. "मग पांघरायचं काय?" एकीने विचारलं.

जवळचं उदाहरणही आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. तीही कडेपासून आत, धावदोऱ्यानेच. शेवटी चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. त्यांच्यात फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी हाही जुन्या कापडावरचा धावदोराच. या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालंय. टाका सगळीकडे एकच आहे. कांथ्याला दुकानात भाव मिळतो आणि आमच्या गोधडीला शेजारधर्माचा दर लागतो, यात टाक्याचा दोष नाही.

संध्याकाळी साडेपाच

ऊन उतरल्यावर बाजारात. दोऱ्याची रिळं, मेण, दोन सुया. दुकानदार पॉलिएस्टरचा दोरा पुढे करतो, स्वस्त आणि न तुटणारा. मी सुतीच घेते. विरलेल्या सुती कापडात न तुटणारा दोरा घातला तर ताण पडल्यावर दोऱ्याऐवजी कापड फाटतं. सुटलेला दोरा पुन्हा शिवता येतो, फाटलेलं कापड येत नाही.

संध्याकाळी सात

दिवाबत्ती, खिचडी. दोन्ही मुली चिंध्यांच्या बाहुलीला नथ करत होत्या. तीन मणी आणि तांब्याची तार. त्यांना मी काही शिकवलं नाही. श्रावणात कानबाईच्या नारळाला आत्याबाई डोळे, कुंकू, नथ लावून सजवतात, ते त्यांनी बघितलंय.

रात्री नऊ

वही काढली. काकूंना दर कळवायचा होता.

पाच फूट गुणिले साडेसात फूट, म्हणजे ६० गुणिले ९० इंच. रांगा एकेक इंचावर धरल्या तर सुईला ५,४०० इंच चालावं लागतं, म्हणजे ४५० फूट. इंचाला दोन टाके, म्हणजे १०,८०० टाके. पाच थरांतून मिनिटाला बारा टाके पडले तरी ते उत्तम. १०,८०० भागिले १२ म्हणजे ९०० मिनिटं, पंधरा तास. धुणं-निवडणं तीन तास, कातर आणि जोड दोन, अंथरणं आणि कच्चा टाका दोन, गोट तीन. एकूण पंचवीस तास.

आठ तासांचा दिवस धरला तर ती तीन दिवसांची मजुरी झाली आणि एक तास वर. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. खडी फोडायच्या, माती उपसायच्या कामाला सरकार देतं तोच कमीत कमी दर लावला तरी तीन दिवसांचे ९३६ होतात. दोरा, मेण, सुया वेगळ्या. सातशे रुपयांत मी दोरा माझा घालून शिवलं तर तीन दिवसांतला जवळजवळ एक दिवस काकूंना भेट दिला असं होतं.

आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांना टाक्यांचा आकडा ऐकून गंमत वाटली, पैशांचा ऐकून नाही. त्यांचं म्हणणं असं की त्यांनी कधी मोजलं असतं तर एकही गोधडी झाली नसती. ते खरं आहे. त्यांनी लेकींना, सुनांना, नातवंडांना शिवून दिल्या आणि त्या लेकी-सुनांनी पुढे त्यांच्यासाठी राबून ते फेडलं. तो व्यवहार न मोजता पुरा व्हायचा, कारण सगळे एका घरात, एका भावकीत होते. काकू मला पैसे देणार आहेत. पैशांत व्यवहार करायचा तर मोजमाप दोन्ही बाजूंनी हवं. त्या रुपये मोजणार असतील तर मला तास मोजायला हवेत.

रात्री साडेनऊ

काकूंना फोन केला. शिलाई हजार रुपये, गोटासाठी काठ त्यांच्याच लुगड्याचा. पलीकडून थोडा वेळ काहीच आलं नाही, मग, "हजार म्हणजे गं जरा जास्तच."

मी त्यांना दुसरी वाटही सांगितली. दुपारी साडेतीनला या, मी अंथरून, कच्चा टाका घालून देते, धावदोरा कसा धरायचा ते दाखवते, त्याचे पैसे नाहीत. आईची गोधडी तुम्हीच शिवा. सुई तुमची, दोरा तुमचा, आणि पंधरा तासही तुमचे.

काकूंनी हजार कबूल केले.